एका पानाची टिपणी

साहेबांना एका पानात लागतं.
दुसरं पान ते उलटतात, वाचत नाहीत.
हे मला तिसऱ्या वर्षी कळलं;
तोवर मी पंधरा-पंधरा पानं टाचून देत होते,
टाचणीच्या टोकावर कागदाचा चिटोरा खोचून,
त्यांच्या बोटाला लागू नये म्हणून.

उदगीर आगार. सांख्यिकीचं टेबल, खिडकीकडे पाठ.
माझ्या मागून गाड्या सुटतात
आणि समोर त्यांचे आकडे येऊन थांबतात:
किलोमीटर, डिझेल, भारमान, रोख.
अकरा वर्षांत यातल्या कितीक गाड्या
मी डोळ्यांनी पाहिलेल्याच नाहीत.

विभागाचं पत्र आलं.
तोट्यातली एक फेरी बंद करा,
पंधरा तारखेपर्यंत कळवा.
साहेब म्हणाले, बिरादारबाई, यादी काढा,
खालून वर लावा, मी सही करतो.

सगळ्यात खाली: बोरतळ मुक्काम, पहाटेची परत.
भारमान एकोणीस.
एवढ्याशा आकड्याला काय विचारायचं?
पण तो जुलैत एकोणीस होता, लग्नसराईत एकोणीस,
परीक्षेच्या महिन्यातही एकोणीस,
आणि इतका गप्प बसलेला आकडा
काहीतरी गिळून बसलेला असतो.

मौलाली वाहक रोकड भरायला आला होता.
नाण्यांच्या चळती लावत म्हणाला,
"मॅडम, पाय ठेवाया जागा नसती गाडीत.
कॉलेजच्या पोरी हायेत. पासवाल्या.
पासला तिकीट फाडायचं नाही,
मग मशीनला काय दिसायलंय?
मशीनला नुस्त्या हाफ तिकिटाच्या म्हाताऱ्या दिसतेत."

किती पोरी?
"मोजल्यात कुणी? चाळीस असतील, पन्नास असतील."

असतील-असतीलवर साहेबांची सही होत नाही.
मी त्याला अर्धी पेन्सिल दिली.
आठवडाभर तो वेबिलाच्या पाठीवर रेघा ओढत आला,
चार उभ्या, एक आडवी,
जशी जळणाची मोळी बांधावी तशी.
सत्तेचाळीस. एक्कावन्न. शेहेचाळीस.
शनिवारी बावीस, कॉलेज अर्धं असतं.
एका दिवशी रेघांच्या कडेला त्यानं लिहिलं होतं:
एक पोरगी टपावर चढाया निघाली, खाली उतरिवली.

रात्री टिपणी लिहिली.
'बिचाऱ्या' लिहिलं, खोडलं.
'कृपया सहानुभूतीपूर्वक' खोडलं.
टपावरची पोरगी मात्र
दोनदा खोडली आणि दोनदा परत लिहिली,
शेवटी पान संपत आलं म्हणून राहून गेली.
उरलं ते एवढंच:
मशीन एकोणीस टक्के. प्रत्यक्ष मोजणी, पासधारक, सरासरी अठ्ठेचाळीस.
नऊच्या आधी दुसरी गाडी नाही.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, रुमालानं पुसला,
परत वाचलं.
"हे आधी का नाही कळालं?"
तुम्ही विचारलं नव्हतं, असं मी म्हटलं नाही.
मीही विचारलं नव्हतं.

बोरतळवर त्यांनी काट मारली नाही.
पेन एक ओळ वर सरकलं.
हाळणी, दुपारी दोन दहा. भारमान चोवीस.
"मग ही."
सही झाली. त्यांची सही छोटी आहे,
एक वळण आणि खाली टिंब.

हाळणीचा वाहक त्या आठवड्यात रजेवर होता.
त्याच्या वेबिलाची पाठ कोरी होती.
कोऱ्या पाठीवरून मी काय सांगणार होते?

एक तारखेला दोन दहाला माझ्या मागे
काहीच सुरू झालं नाही.
चौकशीच्या खिडकीशी एक माणूस उभा,
ओल्या गोणपाटात विड्याच्या पानांची करंडी,
पाणी ठिबकून फरशीवर लहानसं तळं झालेलं.
मी उठून गेले, पेन्सिल घेऊनच.
विचारलं, रोज जायचात का या गाडीनं?
सोबत कितीजण असायचे?

त्यानं पेन्सिलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"आता कशाला विचारायलाव, बाई?"